मोराच्या मानेसारखा रंग बदलणारा मातीचा वाडगा साडेआठ हजारांना घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की बडोद्यात एका प्रदर्शनात हाताने केलेला लस्टरचा, म्हणजे धातूसारखी चमक असलेला, मातीचा वाडगा बघितलात, हातात फिरवला की हिरवा-जांभळा-सोनेरी होत होता, बाईंनी साडेआठ हजार सांगितले, नवरा म्हणाला गाडीचा मेटॅलिक पेंट मारलाय, आणि आता तुम्हाला कळायचंय की हा रंग येतो कुठून, पैसे वाजवी आहेत का आणि त्यात खाता येईल का.

नवऱ्याचं आधी निकालात काढते. पेंट नाहीये तो. मात्र तो नेमका काय आहे हे बाईंना विचारल्याशिवाय पैसे देऊ नका, कारण लस्टर या एका नावाखाली तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि त्यातली एक तर वर्षभरात डोळ्यांदेखत विझते.

मी कोण तर दांडिया बाजारात राहणारी, दिवसा अकाउंट्स बघणारी आणि शनिवार-रविवारी मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, मैत्रिणीच्या शेडमागे गॅसची भट्टी पेटवणारी बाई. अकरा वर्षं झाली, त्यातली सात लस्टरच्या नादात गेली. (आमच्या बडोद्याच्या मराठीत मध्येच गुजराती येतं, चालवून घ्या.)

आता रंगाचं. पैठणीत धूपछाव असते ना, उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, म्हणून पदर हलला की रंग हलतो. तिथे निदान दोन रंगांचे धागे तरी असतात, इथे तेही नाहीत. गॅरेजसमोर पावसाच्या डबक्यात ऑइल पडलं की जे इंद्रधनुष्य दिसतं, त्याच्या जवळचं काहीतरी इथे चाललेलं असतं. ग्लेझ म्हणजे भांड्यावरची काच. त्या काचेच्या अगदी वरच्या थरात, पृष्ठभागाच्या जरासं खाली, चांदीचे आणि तांब्याचे कण अडकलेले असतात, काही नॅनोमीटर ते काही दहा नॅनोमीटर एवढे. आपला केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज करा. चांदीचे कण निळा प्रकाश गिळतात म्हणून पिवळट-सोनेरी दिसतं, तांबं लालकडे नेतं, आणि कणांचे थर कसे बसलेत त्यावर ती मोरपंखी झाक ठरते, म्हणून एकाच भट्टीतले दोन वाडगे कधीच सारखे निघत नाहीत.

आणि हे सगळं करायला आम्ही भांड्यावर लावतो काय? चिखल! खरंच, गेरूचा चिखल, तुळशीवृंदावनाला लावतो तोच गेरू, त्यात चांदीचा आणि तांब्याचा क्षार खलून घालायचा, व्हिनेगरने पातळ करायचं आणि ब्रशने नक्षी काढायची. त्याआधी भांडं दोनदा भाजून झालेलं असतं, एकदा नुसती माती हजारएक डिग्रीला आणि मग कथील घातलेलं पांढरं ग्लेझ चढवून पुन्हा तेवढ्याच आसपास. ही तिसरी भट्टी मात्र थंड, थंड म्हणजे आपली 600 ते 650 डिग्री. ग्लेझ जरासं मऊ पडावं पण वितळू नये, एवढंच. तिथे पोचलं की भट्टीची हवा कोंडायची, गॅस वाढवायचा, मी तर बाभळीच्या वाळक्या काड्याही आत सारते, धूर धूर करायचा. चिखलातल्या चांदी-तांब्याचे आयन ग्लेझमध्ये शिरतात, तिथल्या सोडियम-पोटॅशियमची जागा घेतात, आणि कोंडलेल्या हवेतला कार्बन मोनॉक्साइड त्यांच्याकडचा ऑक्सिजन काढून घेतो की उरतो तो शुद्ध धातू, काचेत अडकलेला. पाच-सात मिनिटं धूर, मग भट्टीला श्वास घेऊ द्यायचा, परत धूर. मधूनमधून भोकातून लोखंडी आकड्याने एक नमुन्याची चकती ओढून काढायची, पाण्यात बुडवायची, चुर्र झालं की पुसून बघायची. ती चकती सांगेल तेव्हा थांबायचं, थर्मामीटरचा भरवसा नाही.

दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली की आत काय दिसतं माहितीये? काळपट, धुरकट, चिखलाची पुटं चढलेली भांडी, नवीन माणसाला वाटेल सगळं जळलं. मग एक हातात घ्यायचं, ओल्या फडक्यावर थोडी राख घेऊन अंगठ्याने घासायचं, आई चिंचेने तांब्या घासते तसं. गेरू सुटून बोटाला लागतो, फडकं लाल होतं, आणि अंगठ्याखाली आधी एक मळकट पिवळा डाग दिसतो, मी दर वेळी म्हणते गेलं हे पण, आणि तेवढ्यात हात जरा तिरका होतो आणि तो डाग पेटतो. माझ्या आईने पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अगं बाई, कल्हई उलटी झाली."

तर हा खटाटोप माझ्या भट्टीतला नाही, बाराशे वर्षांचा आहे. काचेवर असं काम आधी इजिप्त-सीरियाकडे व्हायचं, मातीच्या भांड्यांवर ते नवव्या शतकात इराकात आलं. ट्युनिशियातल्या कैरुआनच्या मशिदीत त्या काळच्या लस्टरच्या फरश्या अजून भिंतीवर आहेत. मग इजिप्त, इराणातलं काशान, स्पेन आणि तिथून इटलीतली देरुता आणि गुब्बिओ ही गावं. पिकोलपासो नावाच्या एका इटालियन गृहस्थाने 1557 च्या सुमारास कुंभारकामाची सगळी गुपितं लिहून ठेवली, त्यात लस्टरबद्दल तो म्हणतो की शंभर भांडी विस्तवात घातली तर कित्येकदा जेमतेम सहा चांगली निघतात. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा जाम बरं वाटलं, कारण तोवर मला वाटत होतं मीच ढ आहे.

माझी हद्द सांगते. एका वर्षी वासी उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, सुट्टी होती म्हणून मी भट्टी लावली, एकतीस नग, तीन महिन्यांचं काम. आता पतंगाला जो वारा लागतो तोच वारा धुराड्याला लागला की भट्टी नुसती ओढत सुटते, आत धूर टिकतच नाही, हे साधं गणित माझ्या डोक्यात आलं नाही. वरच्या पत्र्यावर मैत्रिणीची मुलं "काप्यो छे" ओरडतायत आणि खाली मी डॅम्पर, म्हणजे धुराड्याची झडप, ढकलतेय, विटांनी भोकं बुजवतेय, काड्यांवर काड्या घालतेय. शेवटी चिडून तापमान वाढवलं, ती दुसरी चूक, कारण मग गेरू ग्लेझला चिकटून बसला. एकतीसपैकी तीन निघाले. अठ्ठावीस भांड्यांवर खरखरीत लाल खरूज. त्यातली काही अजून आमच्या जिन्यात आहेत, कोथिंबीर छान येते त्यात.

म्हणून साडेआठ हजारांचं म्हणाल तर, तुमच्या हातात आलेला वाडगा एकटा नसतो, त्याच्या मागे त्याचे फसलेले भाऊ उभे असतात. माझा आत्ताचा हिशोब चोविसातले आठ-नऊ असा आहे आणि मी त्यावर खूश आहे. तीन वेळचा गॅस, चांदीचा क्षार (चांदीचा भाव तुम्हाला मी सांगायला नको), चाकावरचा वेळ, आणि प्रदर्शनाच्या स्टॉलचं भाडं वेगळं. वाडगा वीतभर रुंद असेल आणि खरा धुरातला लस्टर असेल तर साडेआठ मला तरी वाजवी वाटतात. मी असते तर नऊ सांगून आठला दिला असता, ते सोडा.

पण "खरा असेल तर". सोपा मार्ग म्हणजे बाटलीतला लस्टर, तयार मिळतो, कपाच्या कडेला सोनेरी रेघ असते ना तीच जात. राळेसारख्या द्रवात सोनं किंवा बिस्मथ विरघळवलेलं असतं, ब्रशने लावा, सव्वासातशे-साडेसातशे डिग्रीला साध्या विजेच्या भट्टीत भाजा, झालं, धूर नाही की रडारड नाही. ह्यात फसवणूक काही नाही, मीही कधीकधी वापरते, सोनं घातलेलं असेल तर तेही स्वस्त नसतंच, फक्त ते ग्लेझच्या वर बसतं त्यामुळे घासून जातं, आणि "पर्ल" म्हणून मिळतं त्याची झाक सगळीकडे एकसारखी असते, साबणाच्या फुग्यासारखी. धुरातल्याची ओळख म्हणजे तो एकसारखा नसतो. समोरून धरलात तर मळकट तपकिरी, तिरका केलात की भडकतो, ज्या बाजूला ज्वाळ लागली तिकडे लाल आणि दुसरीकडे पिवळा. हॉलमधल्या स्पॉटलाइटखाली सगळंच सुंदर दिसतं, म्हणून वाडगा उचलून दारापाशी, उजेडात न्या. विकणारी बाई खरी असेल तर स्वतःच तुम्हाला तिकडे घेऊन जाईल.

तिसरा प्रकार म्हणजे राकू, तो जपून. भांडं लालबुंद बाहेर काढून लाकडाच्या भुशात टाकतात, तांब्याचे निळे-जांभळे रंग येतात, फोटोत तर वेड लागतं. त्यातली ती मॅट तांब्याची जात मात्र हवेने हळूहळू परत ऑक्साइड होते, महिन्या-दोन महिन्यांत नाही तरी वर्षभरात ते मोरपंखी हिरवट-काळं पडायला लागतं. विचारा सरळ, राकू आहे का म्हणून.

आणि एक प्रकार आहे ज्यात चांदी, तांबं, बिस्मथ ग्लेझमध्येच मिसळतात आणि भट्टीचं तापमान उतरताना धूर देतात, त्याने अख्खं भांडं आतबाहेर चमकतं, नक्षी वगैरे नसते. ह्यातलं मोठं नाव म्हणजे अमेरिकेतल्या बिएट्रिस वुड, आणि त्यांची गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. 1930 मध्ये हॉलंडला कृष्णमूर्तींची भाषणं ऐकायला गेल्या होत्या, तिथे लस्टरच्या सहा बश्या घेतल्या, त्यांना शोभेलशी किटली कुठे मिळेना, म्हणून 1933 मध्ये किटली आपणच करू म्हणून मातीकामाच्या वर्गात नाव घातलं. तेव्हा वय चाळीस. पुढे 105 वर्षं जगल्या, 1961 मध्ये भारतात येऊन गेल्या आणि मग कायमच्या साड्या नेसायला लागल्या, कॅलिफोर्नियात, भट्टीपाशी! मला साडी नेसून भट्टीपाशी उभं राहायची हिंमत नाही.

तुम्ही बघितलेला वाडगा आतबाहेर चमकत होता असं लिहिलंय, म्हणजे बहुतेक हाच प्रकार असावा.

खाण्याचं विचाराल तर नको. कमी तापमानाच्या ग्लेझमध्ये शिसं असू शकतं, नसलं तरी धातूचा एवढा पातळ थर आणि त्यावर आपली चिंचगुळाची आमटी, लिंबू, दही, कैरीचं पन्हं, कुणाचंच भलं नाही. सुकामेवा ठेवा, आपला बडोद्याचा लीलो चेवडोही कोरडा नाही म्हणून तोही वाटीत काढून वाटी त्यात ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये तर चुकूनही नको, ठिणग्या उडतील. घासायला तारेच्या किंवा हिरव्या घासणीचा तुकडा बंद, ओल्या मऊ फडक्याने पुसला की पुरे, आणि कामवाल्या मावशींना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, माझा सगळ्यात चांगला वाडगा पितांबरीने गेलाय.

अजून एक, तुम्ही शेवटी लिहिलंय की यूट्यूबवर कथलाचा क्लोराइड तापलेल्या भांड्यावर फवारून इंद्रधनुष्य आणतात ते बघितलं आणि गच्चीवर करून बघावंसं वाटतंय. करू नका. त्याची वाफ म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, फुप्फुसात जातं. आणि धुरातल्या लस्टरला कार्बन मोनॉक्साइड, ज्याला वास नसतो. मी सुद्धा उघड्यावर, मास्क लावून, दुसरं माणूस सोबत असल्याशिवाय करत नाही. शिकायचंच असेल तर आधी साधं चाक आणि साधं ग्लेझ शिका, आपलं गाव त्यासाठी बरं आहे, विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स विभागामुळे इथे मातीकाम करणारी माणसं आहेत. मातीकामातल्या मोठ्या कलाकार ज्योत्स्ना भट्ट यांनी तिथे वर्षानुवर्षं शिकवलं, लस्टर नाही, त्यांचा जीव मॅट ग्लेझवर आणि मांजरांवर, पण त्यांची भांडी बघितलीत तर चमक नसतानाही भांडं किती वेळ बघत राहावं लागतं ते कळेल.

वाडगा घ्यायला जाल तेव्हा बाईंना म्हणा, त्याच भट्टीतली नमुन्याची एखादी चकती असेल तर द्या. आम्ही त्या डब्यात साठवतो, कुणी मागत नाही म्हणून देत नाही. आणि फसलेले वाडगे आहेत का तेही विचारा, माझ्याकडे तर आहेत, शे-दीडशेला देते, आईने त्यातला एक लसणासाठी कधीचा लंपास केलाय.