बाराच्या भोंग्याचं पाणी

"ताई, मी चंद्रपूरजवळच्या कोळसा खाणीच्या कॉलनीत सासरी राहते. नवरा फौजेत, जम्मूकडे. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर सुरू झालं तेव्हा सासूबाईंनी चार दिवस मला टीव्ही लावू दिला नाही. ह्यांचा फोन आला की 'जेवलास का' एवढं विचारून माझ्या हातात देत. डोळ्यांत टिपूस नाही! मध्य प्रदेशातल्या परासियाकडच्या आहेत, तशाही विचित्रच. सासरे भूमिगत खाणीतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी सासूबाई रात्री बाराचा भोंगा झाला की उठून आंघोळीचं पाणी तापवतात आणि सकाळी ओतून देतात. गॅस फुकट. ह्यांना तिकडून लवकर सुट्टी नाही. अशा कोरड्या बाईजवळ राहण्यापेक्षा माहेरी जाऊ का?"

गॅसचा हिशोब बरोबर ठेवलास गं. पाणी कुणासाठी तापतं, ते विचारायचं मात्र राहिलं.

तू खाणकामगाराच्या घरातली नाहीस, हे पत्रावरून कळतंच. भोंगा वेळेवर झाला म्हणजे पाळी सुटली, माणूस काळाठिक्कर होऊन घरी येणार, त्याला पाणी हवं. अवेळी झाला म्हणजे खाली काहीतरी घडलं. मग बाया हातातलं टाकून खाणीच्या तोंडाशी धावतात आणि वर येणाऱ्या एकेकाचं तोंड बघत उभ्या राहतात. परासियाजवळच न्यूटन चिखलीची कोळसा खाण. तिथे डिसेंबर १९५४ मध्ये खाणीत पाणी घुसून ६३ माणसं गेली. तुझ्या सासूबाई तेव्हा जन्मल्याही नसतील, पण त्या मुलखातल्या लेकीला हे कुणी वेगळं सांगावं लागत नाही. आणि लग्न करून आल्या त्या पुन्हा खाणीच्याच दारात.

आता ते चार दिवस आठव. वाहिन्या सकाळसंध्याकाळ हवाई हल्ल्याचा भोंगा वाजवत होत्या. इतका, की १० मे रोजी केंद्र सरकारला सांगावं लागलं, लोकशिक्षणाखेरीज कार्यक्रमांत हा आवाज वापरू नका. उभा जन्म अवेळी भोंग्याला भ्यालेल्या बाईच्या घरात तुला तो दिवसभर चालू ठेवायचा होता, तेही मुलगा सीमेवर असताना! मी असते तर टीव्हीची वायरच कापली असती.

आणि 'जेवलास का' विचारून फोन लगेच तुझ्याकडे. त्या चार मिनिटांतली साडेतीन कुणाला मिळाली?

मला राग येतोय तो याचाच. त्या घरात वाट पाहण्याचं काम एकट्या सासूबाई करतात आणि तू त्यांच्या डोळ्यांतलं पाणी मोजत बसलीस.

माहेरी जायचं नाही. आज रात्री बाराच्या भोंग्याला त्यांच्याआधी ऊठ. पाणी तू ठेव. त्या येतील, "तू कशाला उठलीस" म्हणून ओरडतील. ओरडू दे. ओट्याशी पाट टाकून दोघी बसा. मुलाचा विषय तू काढू नकोस. त्यांनी काढला तर मधे बोलू नकोस.

उद्याही ऊठ. तो सुट्टीवर येईपर्यंत रोज ऊठ. आणि सिलिंडर लवकर संपला तर बिल मला पाठव.