फ्लोरिडातील ‘इन्व्हेस्ट इन चिल्ड्रन’ नंबरप्लेटचे पैसे मुलांच्या कामी येतात का?

फ्लोरिडात गाडीला ‘इन्व्हेस्ट इन चिल्ड्रन’ ही विशेष नंबरप्लेट लावली, तर जादा भरलेले पैसे खरोखर मुलांच्या कामी येतात का, असे आपण विचारले आहे. येतात, पण ते कोणत्या मुलांच्या वाट्याला जातात, हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

माझ्या गाडीला हीच प्लेट आहे. दर वर्षी नोंदणीचे नूतनीकरण करून प्लेटच्या उजव्या कोपऱ्यात नवे स्टिकर चिकटवतो, तेव्हा नेहमीच्या शुल्कावर 20 डॉलर अधिक भरलेले असतात. प्लेटच्या योजनेवर होणारा खर्च वाहन विभाग आधी वळता करून घेतो. उरलेली रक्कम राज्याच्या बाल न्याय विभागाकडे जाते आणि मुले गुन्हेगारीकडे वळू नयेत म्हणून चालणाऱ्या उपक्रमांवरच ती खर्च करण्याचे कायद्याचे बंधन आहे.

मला खटकते ते वाटप. ज्या काउंटीतून (राज्यातील जिल्ह्यासारख्या विभागातून) जितके शुल्क गोळा झाले, त्या प्रमाणात तिला पैसे मिळतात. आपल्या भागातला पैसा आपल्याच मुलांसाठी, हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. परंतु ज्या भागात नोंदणीचे साधे शुल्क भरतानाच कुटुंबांची ओढाताण होते, तेथे अशा प्लेट कमी खपणार आणि शाळा सुटल्यावर मुलांना सांभाळणाऱ्या केंद्राची गरज जेथे सर्वाधिक, तेथेच निधी तुटपुंजा पडणार.

रकमेचाही अंदाज घ्यावा. 1987 मध्ये ‘चॅलेंजर’ या अंतराळयानाच्या स्मरणार्थ सुरू झालेल्या विशेष प्लेटच्या या प्रथेत आज विद्यापीठांच्या आणि खेळांच्या संघांच्या प्लेटही स्पर्धेला आहेत. 2020 च्या कायद्याने अशा प्लेटची कमाल संख्या 150 ठरवली आणि बहुतेक प्लेटना टिकून राहण्यासाठी किमान 3,000 नोंदणींची अट घातली. समजा, एखाद्या प्लेटच्या तेवढ्याच नोंदणी झाल्या, तर 20 डॉलरप्रमाणे वर्षाला 60,000 डॉलर होतात. राज्यातील 67 काउंटींत सरासरी काढली, तर प्रत्येकी 900 डॉलरही येत नाहीत. एवढ्यात एका अर्धवेळ प्रशिक्षकाचा महिन्याचा पगार जेमतेम निघेल. त्यामुळे या पैशाला अर्थसंकल्पातील तरतुदीचा पर्याय मानणे मुलांवर अन्याय करणारे ठरेल.

प्लेट अवश्य घ्या, मीही सोडणार नाही. मात्र सप्टेंबरमध्ये सायंकाळी पाचनंतर काउंटीच्या अर्थसंकल्पावर जाहीर सुनावणी होते, तेथे जाऊन मुलांच्या उपक्रमांसाठी काउंटीने स्वतःच्या महसुलातून किती रक्कम ठेवली आहे, हेही विचारा.