बारा निर्णयांसाठी शाखा नकोत, घटनांचा एकच तक्ता ठेवा

तुमचा संगणकावरचा खेळ असा: रावेरच्या केळीमळ्यात आप्पा रात्रीच्या थ्री-फेज लाईटवर मोटर लावायला जातात आणि अंधारात विहिरीत पडतात. खेळाडूने त्या दिवसात मागे जाऊन घरातल्या चौघांचे साधेसुधे निर्णय बदलायचे. प्रत्येकाचे तीन, म्हणजे एकूण बारा, आणि प्रत्येक बदलाला तुम्ही वेगळी शाखा, म्हणजे वेगळा प्रसंग, लिहीत बसलाय. बारा दोन-पर्यायी निर्णयांचे ४०९६ दिवस होतात. ते लिहून संपणार नाहीत.

त्यापेक्षा घटनांचा तक्ता करा. एका ओळीत वेळ, माणूस, अट, परिणाम. वेळ मध्यरात्रीपासूनच्या मिनिटांत. उदाहरणार्थ ४५० म्हणजे साडेसात: आजी भरिताची वांगी मळ्यातून आणायला सांगते की बाजारातून? बाजारातून म्हटलं की नातू सायकल घेऊन गावात. ६२०ला लाईट येते तेव्हा घरी कोणी नाही, बॅटरी चार्जिंगला लागत नाही. १४२०ला आप्पा तशीच काठी घेऊन निघतात. यात ६२०च्या ओळीला फक्त 'नातू घरी आहे का' एवढंच कळायला हवं, वांग्यांशी तिचा संबंध नाही.

खरी गोची पुढे आहे. खेळाडूने आधी संध्याकाळचा निर्णय बदलला, मग सकाळचा, आणि त्यामुळे संध्याकाळचा प्रसंगच घडला नाही, तर? तुमच्या कोडमध्ये जुना परिणाम तसाच चिकटून राहतो. म्हणून दोन नोंदी वेगळ्या ठेवा: खेळाडूने काय निवडलं आणि प्रत्यक्षात काय घडलं. दुसरी नोंद प्रत्येक बदलानंतर पुसून पहाटेपासून पुन्हा चालवायची. पहिली कधीच पुसायची नाही.

प्रत्येक अटीने आपल्याआधीच्या वेळेचीच माहिती वाचावी, म्हणजे चक्र तयार होत नाही. एकाच मिनिटाच्या दोन घटना असतील तर क्रमांकही द्या. गोडो या खेळ बनवायच्या इंजिनचं सॉर्टिंग समान किमतींचा मूळ क्रम टिकवत नाही. मग कोडं कधी सुटतं, कधी नाही, आणि दोष सापडत नाही.

आता सगळे ४०९६ दिवस स्क्रिप्टने चालवून आप्पा किती वेळा वाचतात ते मोजा. चाळीस घटना धरल्या तरी १,६३,८४० तपासण्या, संगणकाला किरकोळ. उत्तर १०२४ आलं तर बहुधा दोनच निर्णयांवर सगळं अवलंबून आहे, बाकी दहा नुसती सजावट. १६ आलं तर आठ निर्णय नेमके जुळावे लागतात. पहिल्या खेळाला हे फार जड. मधलं काहीतरी गाठा.

आप्पांचा 'जाऊ की नको' हा निर्णय खेळाडूच्या हातात देऊच नका. 'इटर्नल थ्रेड्स' (२०२२) या खेळात घराला लागणारी आग थेट विझवायला मनाई आहे, आधीच्या आठवड्यातले घरातल्यांचे निर्णयच बदलता येतात. सगळं कोडं त्या मनाईवर उभं आहे.

भाषेचं एक. घर रावेरचं आणि संवाद धुळ्याकडच्या अहिराणीत, हे तिकडच्या माणसाला लगेच खटकेल. त्या पट्ट्यात लेवा गणबोली ऐकू येते. गोडो ३ जोडाक्षरं मोडतो, ४ वापरा, आणि देवनागरी फॉन्ट खेळासोबतच द्या, नाहीतर ब्राउझरमध्ये चौकोन दिसतील. संवाद एकेक अक्षर उमटवताना 'प्र'आधी 'प्' चमकून जातो. मजकूर शेपिंगनंतर, म्हणजे जोडाक्षरं जुळून झाल्यावर, कापायचा पर्याय लेबलच्या सेटिंगमध्ये आहे, तो निवडा.