वजन जास्त असलेल्या मुलाला सीलिएक आजार असू शकतो का?

हो, असू शकतो. सीलिएक म्हणजे गव्हासारख्या धान्यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतडं बिघडण्याचा आजार. तुम्ही लिहिलंय की मुलगा ९ वर्षांचा आहे, वजन वयाच्या मानाने बरंच जास्त आहे, अधूनमधून पोट दुखतं, शौचाला खडा होतो आणि लोहाचं औषध नेमाने देऊनही हिमोग्लोबिन काही हलत नाही. तुम्ही सीलिएकचा विषय काढलात तर "ती मुलं हडकुळी असतात, याच्याकडे बघा जरा" असं ऐकावं लागलं. आता गहू बंद करून बघावा का, असं तुम्ही विचारताय. मी लहान मुलांच्या आहाराचं काम करते. हडकुळेपणाचं ते वाक्य माझ्याही कानावर इतक्यांदा आलंय की आधी त्याचाच समाचार घेते.

हडकुळं मूल, पुढे आलेलं पोट, पातळ शौच हे चित्र खोटं नाही, पण जुनं आहे. सॅम्युअल गी या इंग्रज डॉक्टरांनी १८८८ मध्ये आजाराचं वर्णन केलं ते खंगलेल्या मुलांवरूनच. गव्हाचा संबंध तर त्यानंतर कितीतरी वर्षांनी, विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांच्या कामातून पुढे आला. त्यांचा प्रबंध १९५० चा. तेव्हा रक्ताची तपासणीच नव्हती, त्यामुळे जी मुलं अगदी वाळून गेलेली असत तीच ओळखू यायची. रक्तातल्या अँटिबॉडी (प्रतिकारशक्ती तयार करते ती प्रथिनं) मोजता यायला लागल्यावर कळलं की जगात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो आणि बऱ्याच जणांना त्याचा पत्ताही नसतो. निदानाच्या वेळीच वजन जास्त असणाऱ्या मुलांचं प्रमाण निरनिराळ्या पाहण्यांत निरनिराळं आलंय, शंभरात पाचपासून जवळपास वीसपर्यंत. यातला कमीत कमी आकडा धरला तरी वजन बघून तपासणी नाकारावी असं त्यात काही नाही.

आतडं बिघडलंय तर वजन वाढतं कसं, हा प्रश्न रास्त आहे. लहान आतड्याच्या आतल्या अंगाला टॉवेलच्या धाग्यांसारखे बारीक अंकुर असतात आणि अन्नातलं सत्त्व तेच शोषून घेतात. सीलिएकमध्ये गहू, बार्ली आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते आणि हे अंकुर झिजून सपाट होतात. पण हा बिघाड सगळीकडे सारखा नसतो. जठराला लागून असलेल्या सुरुवातीच्या भागात तो सहसा जास्त असतो आणि पुढे कमी होत जातो. लोह मुख्यतः त्याच सुरुवातीच्या भागात शोषलं जातं. पिष्ट आणि चरबी शोषायला मात्र पुढे कित्येक फूट आतडं शिल्लक असतं आणि ते बरीच भरपाई करतं. म्हणजे उष्मांक अंगाला लागतात, लोह लागत नाही. त्यात आजूबाजूला एकूणच मुलांची वजनं वाढलेली आहेत. सीलिएक असलेलं मूल त्याच जगात खातं, पितं आणि बसून राहतं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. मुलाच्या वजनाकडे सगळ्यांचं लक्ष जातं, उंचीकडे कुणाचं जात नाही. निव्वळ खाण्यापिण्यातून वजन वाढलेली मुलं वयात येण्याआधी सहसा बरोबरीच्या मुलांपेक्षा थोडी उंचच असतात. त्यामुळे वजनाची रेघ वर चढतेय आणि उंचीची रेघ आडवी व्हायला लागलीय असं दिसलं, तर ते "खातो जास्त, खेळतो कमी" एवढ्यावर सोडून देता येत नाही. थायरॉइड, इतर संप्रेरकं आणि सीलिएक, तिन्ही बघावं लागतं. गेल्या दोन-तीन वर्षांच्या उंचीच्या नोंदी कुठेही असतील, लसीकरणाच्या कार्डावर, शाळेच्या तपासणीच्या कागदावर, त्या गोळा करा आणि वाढीच्या तक्त्यावर मांडून घ्या. एकदा मोजलेल्या उंचीवरून हे कळत नाही.

जाड मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होते आणि तिचा मला मनापासून राग आहे. त्यांची प्रत्येक तक्रार वजनाच्या खात्यावर लिहिली जाते. दमतो? वजन. पोट दुखतं? हादडतो ना. यकृताची एन्झाइम वाढलीत? चरबी साठली असेल. यातलं पुष्कळदा खरंही असतं, पण सीलिएकमध्येही थकवा येतो, पोट दुखतं, बद्धकोष्ठता होते (फक्त जुलाबच होतात असं नाही) आणि यकृताची एन्झाइमही वाढतात. दुसरी बाजूही सांगायला हवी: स्थूलपणामुळे शरीरात जी सौम्य दाहाची अवस्था असते, तिच्यामुळेही लोहाचं शोषण कमी होतं. तेव्हा तुमच्या मुलाचं हिमोग्लोबिन वाढत नाही म्हणजे सीलिएकच आहे, असं मी म्हणत नाहीये. तपासायला तेवढं कारण पुरेसं आहे, इतकंच.

याशिवाय कायमच्या दातांवरचं आवरण ठिकठिकाणी खराब आहे का, तोंड वारंवार येतं का, कोपर-गुडघ्यांवर खूप खाजणारे बारीक फोड येतात का, हे बघा. त्याला टाइप १ मधुमेह किंवा थायरॉइडचा स्वप्रतिकार आजार आहे का, आणि आई, वडील, भावंडं यांच्यापैकी कुणाला सीलिएक आहे का, हेही डॉक्टरांना आपणहून सांगा. जवळच्या नात्यात आजार असेल तर शक्यता शंभरात पाच ते दहापर्यंत जाते, आणि तिथे लक्षणं नसली तरी तपासणी करतात.

तपासणी साधी आहे, रक्ताची. टीटीजी-आयजीए ही सीलिएकमध्ये वाढणारी अँटिबॉडी आणि तिच्यासोबत एकूण आयजीए, म्हणजे त्या जातीच्या सगळ्या अँटिबॉडींचं रक्तातलं प्रमाण. दुसरी चाचणी चिठ्ठीवर नसेल तर मागून घ्या, कारण काही मुलांच्या शरीरात आयजीए मुळातच फार कमी बनतं. त्यांची पहिली चाचणी आजार असूनही स्वच्छ येते. अँटिबॉडी वाढलेली आली तर पुढे पोटविकारतज्ज्ञ ठरवतील. सहसा दुर्बिणीने आतड्याचे तुकडे घेऊन तपासतात. युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये असं सुचवलंय की टीटीजी सामान्य मानल्या जाणाऱ्या कमाल मर्यादेच्या १० पट किंवा त्याहून जास्त असेल आणि दुसऱ्या नमुन्यात ईएमए ही अँटिबॉडीही सापडली, तर मुलांमध्ये दुर्बिणीशिवाय निदान करता येतं. या निकषात वजनाचा उल्लेखही नाही. जनुकांची तपासणी कुणी सुचवली तर एक लक्षात ठेवा: डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जनुकं नसतील तर सीलिएक जवळजवळ नाहीच, पण ती असली म्हणून आजार आहे असं होत नाही. लोकसंख्येतल्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त लोकांकडे ती असतात आणि बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही.

गहू आताच बंद करावा का? नाही, रक्त देईपर्यंत आणि दुर्बीण लागलीच तर ती होईपर्यंत अजिबात नाही. गहू बंद झाला की अँटिबॉडी उतरायला लागतात, आतडं सावरायला लागतं आणि तपासणी खोटा दिलासा देते. मग निदानासाठी मुलाला पुन्हा कित्येक आठवडे गहू खाऊ घालावा लागतो, आणि तोवर ज्याला बरं वाटू लागलंय ते मूल त्याला तयार होत नाही. नेमकं वजनदार मुलांच्या घरीच हे जास्त होतं, कारण गहू सोडला की वजन उतरतं असं कुणीतरी सांगितलेलं असतं.

आणि निदान झालंच, तर ग्लुटेनमुक्त आहार हा वजन कमी करण्याचा आहार नाही, हे पहिल्या दिवशीच घरात सगळ्यांना सांगून टाका. आतडं बरं होऊ लागलं की शोषण सुधारतं. बाजारातल्या ग्लुटेनमुक्त बिस्किटं-ब्रेडमध्ये पुष्कळदा साखर आणि चरबी जास्त, तंतू कमी असतात. काही मुलांचं वजन या आहारावर ताळ्यावर येतं, काहींचं वाढतं, आणि आधी ठीक वजन असलेलीही काही मुलं जाड होतात. मी पाकिटांपेक्षा तांदूळ, मका, ज्वारी, डाळी, अंडी, भाज्या, फळं यांवर भर देते. पाकीट घ्यायचंच तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन ही आंतरराष्ट्रीय मर्यादा पाळणारं घ्या. ओट्स सुरुवातीला नकोतच. पुढे तज्ज्ञांना विचारून, गव्हाची भेसळ नसलेले. पहिले काही महिने मी मुलाला उपाशी ठेवणारा कुठलाही बेत आखत नाही. एकाच वेळी ओळखीचं खाणं काढून घ्यायचं आणि उरलेलंही मोजून द्यायचं, म्हणजे मूल चोरून खाणार, आणि सीलिएकमध्ये चोरून खाल्लेलं बिस्कीट नुसतं उष्मांकांवर भागत नाही. वजनाचं बघायचं ते झोप, खेळ आणि गोड पेयं इथून सुरू करून.

चाचणी स्वच्छ आली, एकूण आयजीएही ठीक असलं आणि तोवर तो नेहमीसारखा गहू खात होता, तर सध्या सीलिएक बाजूला ठेवा. हा आजार पुढे कधीही उद्भवू शकतो, त्यामुळे तक्रारी राहिल्या तर काही काळाने चाचणी पुन्हा करून घ्यायला हरकत नाही. लोह का लागत नाही हा प्रश्न मात्र तसाच उरतो. औषध दुधाबरोबर दिलं जातंय का, दिवसभरात दूधच फार होतंय का, शौचातून नकळत रक्त जातंय का, जठरात एच. पायलोरी हा जंतू आहे का, हे एकेक करून तपासून घ्या.