तळघरासाठी ठेव मोडू का?

फोंड्याजवळ राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने विचारलं आहे: डोंगरउतारावरच्या जुन्या घराच्या तळघराची खोली करून फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुलांना महिना 6,000 रुपयांनी द्यायची. कंत्राटदाराने आतून वॉटरप्रूफिंग, सिमेंटचा गिलावा, टाइल्स आणि रंग धरून 4.5 लाख सांगितले आहेत. त्यासाठी 7 टक्क्यांची मुदत ठेव मोडावी का?

नमस्कार ताई,

यंदा मोडू नका. खोली वर्षात 10 महिने भरलेली राहिली तर 60,000 येतील. ठेवीचं 31,500 व्याज मात्र बुडेल. हाती उरले 28,500, त्यातूनच वीज, डागडुजी, रंग. एवढ्यावर मुद्दल वसूल व्हायला जवळजवळ 16 वर्षं लागतील. तीही भिंत कोरडी राहिली तर.

माझी खरी काळजी त्या भिंतीचीच आहे. तुमची मागची भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, आणि थेट मातीला टेकलेली. चिरा सच्छिद्र, पाणी पितो. डोंगरातून उतरणारं पाणी बाहेरून दाबत राहिलं की आतला लेप ते फार काळ अडवू शकत नाही. आमच्या जुन्या घरातल्या कोठीला एप्रिलमध्ये असाच गिलावा केला होता. श्रावणात भिंतीवर मिठासारखा पांढरा खार फुटला, मी बोट लावलं तर ताटाएवढा पोपडा हातात आला आणि मागचा चिरा ओलागच्च होता. ते पैसे आईने साठवलेले होते, म्हणून तुम्हाला इतकं कळकळीने सांगते आहे.

तुमची 1.5 लाखांची छोटी ठेव मार्चमध्ये संपते, असं तुम्ही लिहिलंय. तिच्यातून फक्त बाहेरचं काम करा: छपराला पन्हळ, मागच्या बाजूला चर, त्यात खडी आणि छिद्रांचा पाइप, पाणी उताराकडे काढून द्यायचं. पायाजवळ खणायचं असल्याने आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. चर तुकड्यातुकड्याने खणावा लागतो. हा खर्च भाडं आलं नाही तरी वाया जात नाही, घराचा पाया वाचतो.

मग एक पावसाळा थांबा. जुलैत हातभर प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी भिंतीला चिकटवा आणि दोन दिवसांनी बघा. भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर पाणी अजून भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला असतील तर हवेतला दमटपणा आहे, त्याला खिडकी आणि पंखा लागेल. ही परीक्षा जानेवारीत करू नका, तेव्हा गोव्यातली कुठलीही भिंत कोरडीच वाटते. कंत्राटदारानेही ती डिसेंबरातच पाहिली आहे ना?

दरम्यान तळघर राहण्यासाठी वापरता येतं का, हे पंचायतीत विचारून घ्या. भिंत कोरडी राहिली तर सिमेंटऐवजी चुन्याच्या गिलाव्याचा दर मागवा आणि गणेश चतुर्थीनंतर मला पुन्हा लिहा. मोठ्या ठेवीचा विचार तेव्हा करू.