गाडी तुमची, सल्ला आमचा : मॅट रंगाला रबिंग नको

प्रश्न : आमची गाडी कंपनीतूनच मॅट करड्या रंगात आली आहे. दसऱ्याला पूजा करताना आईनं बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं. डाग राहिला म्हणून वॉशिंग सेंटरच्या पोरानं रबिंग लावून घासला. डाग गेला, पण तिथं तळहाताएवढी जागा चकाकायला लागली. तो म्हणतो, अख्खं बॉनेट पॉलिश करून सगळं सारखं करून देतो. करू द्यावं का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : नको. सध्या तळहाताएवढ्यावर भागलंय, तेवढ्यावरच राहू द्या.

मॅट गाडीच्या क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, सिलिकाची अतिशय बारीक पूड असते. कोट वाळला की वरचा भाग डोळ्याला न दिसण्याइतका खडबडीत राहतो, त्यावर पडलेला उजेड चहूकडे विखुरतो आणि रंग चमकत नाही. रबिंगमध्ये असते घासायची पूड. तिनं तुमच्या बॉनेटवरचा तो खडबडीतपणाच कापला. शाळेच्या पँटची बसायची जागा घासून चकाकते, ती पुन्हा कधी पहिल्यासारखी होते का? अख्खं बॉनेट पॉलिश केलंत तर ते धड मॅटही राहणार नाही आणि धड ग्लॉसही (चकचकीतही) होणार नाही.

तरी एक आशा आहे. काही पॉलिशमध्ये मेण किंवा सिलिकॉन असतं आणि चकाकी कधीकधी नुसत्या त्या थराची असते. मॅट रंगासाठीचा वेगळा क्लीनर मिळतो. तो मऊ मायक्रोफायबरवर घेऊन न दाबता पुसा आणि गाडी सावलीत तिरकी बघा. चकाकी उतरली तर थर होता, सुटलात. तशीच राहिली तर रंग घासला गेलाय. मग दोनच वाटा : तसंच वापरा, नाहीतर पूर्ण बॉनेट पुन्हा रंगवा.

‘तेवढ्याच जागेला टच-अप मारतो’ असं कोणी म्हणालं तर गॅरेज उद्यमनगरातलं असो की शिरोलीचं, गाडी तिथून काढा. ग्लॉसमध्ये नव्या-जुन्या क्लिअरचा जोड पॉलिशनं मिटवता येतो, मॅटमध्ये तो मिटत नाही. रंगवताना धुळीचा कण बसला तर ग्लॉसवर दोन हजार नंबरचा बारीक घासकागद मारून वर पॉलिश करतात. इथं तीही सोय नाही, म्हणून बूथ, म्हणजे रंगवायची बंद खोली, स्वच्छच हवा. शिवाय थर किती जाड, रंगाच्या दोन हातांमध्ये किती वेळ सोडला, उष्णता किती, यावर मॅटपणा कमी-जास्त होतो. चांगला पेंटर आधी पत्र्याच्या तुकड्यावर नमुना मारून फेंडरशेजारी धरतो. तुमचा पेंटर हे करतो का, एवढं विचारा. उत्तरावरून माणूस कळतो.

आणि आईंना बोल लावू नका. पुढच्या खंडेनवमीला स्वस्तिक पुढच्या काचेवर काढायला सांगा. काचेवरचं कुंकू पाण्यानं निघतं आणि देवालाही चालतं. हळद-कुंकू रंगावर पडलंच तर लगेच भरपूर पाण्यानं वाहवून टाका. तेलात कालवलेलं असेल तर मेण नसलेल्या शाम्पूचा फेस त्यावर थोडा वेळ राहू द्या. वाळल्यावर नखानं खरवडायचं नाही.

प्रश्न : आम्ही कसबा बावड्यात राहतो. गळीत हंगामात सकाळी गाडीवर काळी राख असते. शिवाय चैत्रात जोतिबाला जायचं म्हणजे गुलाल आलाच. मॅट गाडी घ्यावी का?

उत्तर : घरी आच्छादित पार्किंग असेल तर खुशाल घ्या. नसेल तर ग्लॉस घ्या, हे माझं स्पष्ट मत.

साखर कारखान्यात जळणाऱ्या उसाच्या चिपाडाच्या राखेत सिलिका भरपूर, म्हणजे ती घासणारी वस्तू. सकाळी उठून कोरड्या फडक्यानं झटकलीत की तुम्हीच रबिंग केलंत. आधी पाण्याचा हलका फवारा, राख वाहून गेली की शाम्पू. शाम्पू पीएच न्यूट्रल, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कलीही नाही असा हवा, त्यात मेण किंवा चमक आणणारं काही नको. दोन बादल्या ठेवा, एक शाम्पूची, एक हातमोजा खळबळायला. बोअरचं पाणी उन्हात वाळलं की क्षाराचे पांढरे ठिपके मॅटच्या खडबडीत जागेत रुतून बसतात. म्हणून सावलीत धुवा, फडकं नुसतं टेकवून पाणी टिपा. ब्रशचं ऑटोमॅटिक वॉशिंग नकोच. गाडीला खालून डिझेलचा फवारा मारून घेत असाल तर दारावर शिंतोडे येऊ देऊ नका, तेलकट डाग पडतात.

गुलालाची गोष्ट उलटी. तो आधी कोरडाच एअर गननं उडवायचा, मग पाण्याचा लोट सोडायचा. अर्धवट ओला करून पुसलात तर त्यातला रंग खडबडीत जागेत जिरतो. जोतिबाच्या डोंगरावरून, वाडी रत्नागिरीहून उतरल्यावर आधी हे काम, मग जेवण. पक्ष्याची विष्ठा पडली तर तेवढाही उशीर नको. ओलं फडकं थोडा वेळ ठेवा, मऊ झाली की उचला.

प्रश्न : मॅट गाडीवर सिरॅमिक कोटिंग चालतं का? आणि साध्या गाडीला मॅट रॅप (वरून रंगीत फिल्म) केलं तर आरटीओचं काय?

उत्तर : मॅटसाठी बनवलेलं कोटिंग चालतं. साधं मारलं तर चमक वाढू शकते. कोटिंगमुळे धुणं सोपं होतं, ओरखडे मात्र थांबत नाहीत. त्यासाठी मॅट पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म. ते महाग आहे, पण खराब झालं तर तेवढ्या भागाची फिल्म बदलता येते. अख्ख्या गाडीचं परवडत नसेल तर बॉनेट, पुढचा बंपर आणि दारांच्या हँडलखालची जागा एवढं करा. गाडीचा रंग आरसीवर लिहिलेला असतो. पांढरी गाडी रॅप करून काळी केलीत तर आधी आरटीओत नोंद करून घ्या.