सही कोणाची, ते आधी विचारा

तुमचा प्रश्न असा: नऊ वर्षं मेट्रोची स्टेशनं आणि डेपो डिझाइन केले, आता लंडनच्या एका कन्सल्टन्सीची ऑफर आलीय, बायको आणि शाळेत जाणारी मुलगी बरोबर असेल, भारतातला अनुभव तिथे धरतात का, करिअर खरंच पुढे सरकतं का, आणि एकटं पडायला होतं का?

व्हिसा, फी, पगाराची अट यातलं काही मी लिहीत नाही. ते सरकारी साइटवर आहे आणि सारखं बदलतं. खरं तर दोन ओळी लिहून झोपणार होतो.

अनुभव धरतात. पगार ठरवताना धरतात, सहीची वेळ आली की विसरतात. मी नोव्हेंबर २०१८ मध्ये इंग्लंडला आलो तेव्हा भारतात माझ्या सहीच्या ड्रॉइंगवर दोन डेपो उभे होते. इथे पहिली दोन वर्षं मी प्लॅटफॉर्मवरच्या छपरांची गणितं तपासली, तीही दुसऱ्यांनी मांडलेली. रेल्वेच्या जागेत काही बांधायचं तर आधी तत्त्वतः मान्यता लागते: डिझाइनचे कोणते कोड म्हणजे नियम, कोणते भार, तपासणी कोणत्या दर्जाची, हे सगळं एक आकडाही काढायच्या आधी लिहून द्यायचं. मग डिझाइन, मग प्रमाणपत्र. करणारा वेगळा, तपासणारा वेगळा. काम अवघड असेल तर तपासणारी कंपनीच वेगळी. पद्धत चोख आहे, तक्रार नाही. पण त्या प्रमाणपत्राखालच्या रकान्यात चार्टर्ड इंजिनिअर, म्हणजे इथल्या व्यावसायिक संस्थेने पारखून मान्यता दिलेला इंजिनिअर हवा असतो, आणि तिथे माझी गाडी अडली.

इंजिनिअरिंगच्या पदव्या देशोदेशी मान्य करण्याचा करार म्हणजे वॉशिंग्टन अकॉर्ड. भारत त्याचा पूर्ण सदस्य झाला २०१४ मध्ये. माझी पदवी २००३ ची. म्हणजे चार्टर्ड व्हायचं तर चारही वर्षांचा सिलॅबस द्या, पानापानावर विद्यापीठाचा शिक्का मारून. विद्यापीठाच्या खिडकीवर सांगितलं, मार्कलिस्टवर शिक्का मारतो, सिलॅबसवर मारायची पद्धत नाही. बाबा तेव्हा एकाहत्तर वर्षांचे. पाच खेपा घातल्या त्यांनी. चौथ्या खेपेला साहेब रजेवर. पाचव्या खेपेला साहेबांनी मान डोलावली आणि शिपायाने दोनशे बारा पानांवर धडाधड शिक्के मारून दिले. एक पान राहिलं. फ्लुइड मेकॅनिक्सचं. त्यापायी माझी फाइल दोन महिने पडून होती, आणि बाबा फोनवर मलाच विचारत होते, "माझी मोजण्यात चूक झाली का रे?" तुमची पदवी २०१४ नंतरची असली तरी तुमचा कोर्स त्या वर्षी मान्यताप्राप्त होता का ते बघा, आणि असले शिक्के निघायच्या आधी स्वतः जाऊन मारून आणा. घरच्या म्हाताऱ्या माणसाला त्या खिडकीवर उभं करू नका.

नंतर चार्टर्डची परीक्षा. मी बसलो तेव्हा सात तासांची होती. पहिल्या खेपेला नापास. सही परत मिळाली २०२२ मध्ये. तेव्हा ऑफर देणाऱ्यांना पगाराचं नंतर विचारा. आधी विचारा, पहिल्या वर्षी मी कोणत्या प्रकल्पावर, आणि कागदावर माझं नाव कोणत्या रकान्यात?

काम मात्र मला आवडतं, हे लपवत नाही. भूकंपाचं गणित इथे जवळजवळ विसरायचं. त्याऐवजी एक खांब मनातल्या मनात काढून टाकायचा आणि बाकीचं उभं राहतं का ते बघायचं. याचं मूळ रोनन पॉइंटमध्ये आहे. १९६८ साली लंडनच्या या बावीस मजली इमारतीत अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला, अख्खा कोपरा वरपासून खालपर्यंत ढासळला, चार माणसं गेली. स्टेशनात तर खांब उडवू शकणारी वस्तू शेजारूनच धावत असते. माणसं वावरतात अशा इमारतीचा खांब रुळाच्या मध्यापासून ३ ते ५ मीटरवर असेल तर युरोकोडच्या, म्हणजे युरोपच्या बांधकाम-डिझाइनच्या नियमांच्या तक्त्यात रुळाच्या दिशेने ४००० आणि आडवा १५०० किलोन्यूटन धक्का दिलाय. त्यावर ब्रिटनचं स्वतःचं परिशिष्ट वेगळंच. एका खांबाची जागा अर्धा मीटर हलवण्यासाठी आर्किटेक्टशी तीन महिने वाद घातलाय मी.

आणि जुनी स्टेशनं! एकदा शंभर वर्षांहून जुन्या ओतीव लोखंडाच्या खांबावर नवं छप्पर टेकवायचं होतं. खांब पोकळ, छपराचं पाणी त्याच्या आतूनच खाली उतरतं. अल्ट्रासॉनिकने जाडी मोजली तर एका बाजूला ३१ मिलिमीटर, बरोबर समोर १४. ओतताना पोकळीसाठी साच्यात ठेवलेला गाभा सरकलेला, आणि हे त्या खांबाने इतकी वर्षं कोणाला कळू दिलं नव्हतं. मी त्याच्यावर हात ठेवून उभा राहिलो. आतून पाणी वाहताना हाताला कळत होतं. दुसऱ्या एका ठिकाणी डिझाइन तयार, पैसे मंजूर, आणि जुन्या तिकीटघराच्या आढ्यात वटवाघळं निघाली. संरक्षित प्राणी. त्यांची पाहणी उन्हाळ्याच्या महिन्यांतच होते. काम वर्षभर पुढे गेलं. तेवढं हसायलाही शिकावं लागतं.

एकटेपणा. असतो. सवय होते. त्यावर लोक उगाच पानंच्या पानं लिहितात.

फक्त पझेशनचं सांगतो. पझेशन म्हणजे ठरावीक तास रूळ कामासाठी ताब्यात मिळणं. एरवी रात्रीचे काही तास. मोठं काम असलं की नाताळ, कारण २५ डिसेंबरला इथे जवळपास कुठेच गाड्या धावत नाहीत. सगळा देश घरी आणि रेल्वेचा इंजिनिअर साइटवर. येऊन सहा आठवडे झाले होते. मला कोणी जा म्हटलं नव्हतं, मीच हात वर केला, उत्साह दिसावा म्हणून. बायको आणि मुलगा भाड्याच्या घरात. बस नाही, ट्रेन नाही, दुकानं बंद, ओळखीचं कोणी नाही. रात्री घर गरम ठेवणारा बॉयलर बंद पडला. तिने फोन केला नाही. सकाळी आलो तर दोघं कोट घालून एकाच पलंगावर झोपलेले. ती उठली, आणि मी तिला सांगत बसलो की चारही बीम वेळेत बसले.

करिअर पुढे सरकतं का, हे तुमच्या हातात जेवढं असतं त्याहून जास्त सरकारच्या हातात असतं. मी ऑफर घेतली तेव्हा लंडनची नवी रेल्वे, एलिझाबेथ लाइन, डिसेंबर २०१८ मध्ये उघडणार होती. उघडली २४ मे २०२२ ला. ऑक्टोबर २०२३ मध्ये हायस्पीड-टू या वेगवान रेल्वेचा बर्मिंगहॅमपासून मँचेस्टरपर्यंतचा टप्पा पंतप्रधानांनी एका भाषणात रद्द केला. ते भाषण झालं मँचेस्टरच्याच जुन्या स्टेशनात, १९६९ साली बंद पडून आता अधिवेशनांसाठी वापरतात त्या वास्तूत. असल्या बातमीनंतर नागरिक असलेला सहकारी दुसरी नोकरी शोधतो. व्हिसावरचा माणूस आधी कॅलेंडर काढून व्हिसाचे दिवस मोजतो.

आता शाळेचं. हे मी टाळत होतो. मुलाचा जन्म २९ ऑगस्टचा. इंग्लंडमध्ये इयत्ता वयावरून ठरते आणि वर्षाची रेघ ३१ ऑगस्टला पडते. तीन दिवसांनी जन्मला असता तर एक वर्ष मागे बसला असता. चौथीतला मुलगा उचलून त्यांनी इयर सिक्समध्ये टाकला, प्राथमिकच्या शेवटच्या वर्षात, वर्गात सगळ्यात लहान. माध्यमिकच्या अर्जाची मुदत ३१ ऑक्टोबर असते. आम्ही उतरलो नोव्हेंबरात. मग ज्या शाळेत जागा उरली होती ती मिळाली, दोन बस बदलून. मुख्याध्यापिकेला म्हटलं, एक वर्ष मागे बसवा. "तो जुळवून घेईल," असं म्हणून त्यांनी मला दारापर्यंत सोडलं. त्याने जुळवून घेतलं. आता तो ठीक आहे असं सगळे म्हणतात, तोही म्हणतो. पण माझं रुजू व्हायचं पत्र सप्टेंबरचं होतं. भारतातला डेपो स्वतःच्या हाताने हँडओव्हर करायचा म्हणून मी दोन महिने मागून घेतले होते. त्या कागदावरची शेवटची सही माझीच हवी होती मला.

तुमच्या मुलीची जन्मतारीख आणि तुमची रुजू व्हायची तारीख, दोन्ही कळवा. बाकीचं नंतर बोलू.